सतरावा हात

विधानसभेच्या जिन्यावर त्या मुदतीतल्या बत्तीस आमदारांच्या तसबिरी लावल्यात. सांता इनेस मतदारसंघाच्या नावाखाली फिदेन्सियो बेकरीवाला आहे. गळ्यात टाय, आणि चेहरा असा की कुणी दात उपटायला बसवलाय. ओतिलिया कुठेच नाही. तिथे फरशी पुसणाऱ्या बाईला मी विचारलं, तर म्हणाली, "ज्यांनी मुदत पुरी केली त्यांच्याच लावतात."

"अगं, पण निवडून कोण आली होती? मतं कुणाला पडली?"

"मावशी, मी फक्त पुसते हो."

तिला बिचारीला काय बोलणार! पण मला राहवेना. ओतिलिया तेकुआपेत्ला तीन महिने आणि नऊ दिवस आमदार होती, आणि त्या वेळात तिने जे केलं ते त्या भिंतीवरच्या बत्तीस टायवाल्यांना तीन वर्षांत जमलं नाही. ते कुणी लिहून ठेवलं नाही. मी तिच्याबरोबर होते, मीच सांगते.

आम्ही दोघी एका गल्लीत वाढलो. तिचा बाप घायपाताचा रस आंबवून पुल्के विकायचा, आणि विकायचा त्याहून जास्त स्वतःच रिचवायचा. चौदाव्या वर्षी आम्ही जीन्सच्या कारखान्यात लागलो. मी खिसे लावायचे, ती चेन लावायची. बावीस वर्षं लावली. पहिल्याच दिवशी मुकादमाने एक कोरा कागद पुढे सरकवला, "खाली सही कर." तो आमचा राजीनामा. वरचा मजकूर मालकाला हवा तेव्हा भरायचा. पोटुशी राहिलीस, संपावर गेलीस, उलट बोललीस, की कागद भरलाच. सगळ्याच सह्या करायच्या. आम्हाला त्यात वावगं काही वाटायचंच नाही, हजेरीच्या वहीत नाव घालावं तसं ते होतं.

शिवलेल्या पँटी नदीकाठच्या धुलाईला जायच्या. सोमवारी नदी निळी असायची, बुधवारपर्यंत काळी व्हायची. पोरं त्याच पाण्यात पाय सोडून बसायची, आणि आम्ही आया वरून हाका मारायचो की जेवायला चला. डोळे असून आंधळ्या होतो आम्ही, दुसरं काय!

ओतिलियाला एकच मुलगी, सित्लाली. नवरा उत्तरेला सीमेपलीकडे गेला. दोन वर्षं फोन आले, मग तेही बंद झाले. मुलीच्या बाप्तिस्म्याला फिदेन्सियो आणि त्याची बायको काता धर्म-आईबाप म्हणून उभे राहिले. त्या दिवसापासून फिदेन्सियो ओतिलियाचा कोम्पाद्रे, ती त्याची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाहून वरचं. भावाशी भांडता येतं, त्याला शिव्या घालता येतात. कोम्पाद्रेशी कायम अहो-जाहो करायचं, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, त्याने दारात पाय ठेवला की आहे ते पुढ्यात ठेवायचं. लहानपणी एका शाळेत जाणारे, एकमेकांची पुस्तकं पळवणारे हे दोघं त्या दिवसापासून एकमेकांना "तुम्ही" म्हणायला लागले. मला हसू यायचं.

फिदेन्सियो माणूस वाईट नव्हता, हे मला जड जातं पण सांगितलं पाहिजे. पहाटे चारला उठून पाव भाजायचा, जत्रेला गावच्या बँडमध्ये मोठा पितळी कर्णा वाजवायचा. काता गेल्यावर तर त्याचा सगळा जीव सित्लालीत होता. रोज सकाळी तिच्यासाठी शिंपल्याच्या नक्षीचा एक गोड पाव वेगळा काढून ठेवायचा.

नवव्या वर्षी पोरीचा चेहरा सुजायला लागला. डॉक्टरीण म्हणाली, मूत्रपिंडं गेली. आमच्या चार गल्ल्यांत अशी अकरा पोरं होती. ओतिलियाने शाळेची एक वही घेतली आणि घरोघर जाऊन नावं लिहिली. कुठलं पोर, किती वर्षांचं, काय होतंय, घर नदीपासून किती पावलं. पावलं ती स्वतः चालून मोजायची. मग वही घेऊन आरोग्य खात्याच्या दारात बसली. सोळा दिवस बसली. मी रविवारी तमाल, मक्याच्या पानात उकडलेले मुटके, विकायचे, तेव्हापासून रोज तिथे टोपली घेऊन बसायला लागले, धंदाही झाला आणि सोबतही. आत जाणारे साहेब माझे तमाल घ्यायचे आणि तिची वही घ्यायचे नाहीत.

पेपरात फोटो आला, आणि आठवड्याभरात अर्मेंता वकील तिच्या घरी हजर. हा पक्षाचा इथला कारभारी. गोडबोल्या मेला, गावातल्या प्रत्येकाच्या मुलाबाळांची नावं त्याला पाठ. तेव्हा नवा नियम झाला होता की तिकिटांत बायका हव्यातच, आणि पक्षाकडे बायका म्हणजे दोन पुढाऱ्यांच्या बायका आणि एक मेहुणी.

"ओतिलियाबाई, तुम्ही आमदारकीला उभ्या राहा."

"मी? वकीलसाहेब, मी सहावी पास आहे."

"अहो, आमच्यात सहावी नापासही आहेत. तुमचं तर उत्तम आहे."

ती हसली. पण नंतर मला म्हणाली, "तोमासा, दारात बसून बघितलं. आता आत जाऊन बघते."

आणि तिला आत जाऊन एकच गोष्ट हवी होती. सांता इनेसच्या दवाखान्यात रक्त गाळायची आठ यंत्रं. सित्लालीला तोवर रक्त साफ व्हायला पोटातल्या नळीने घरीच पाणी भरायचं आणि काढायचं चालू होतं, पण बाकीच्या पोरांतली चार यंत्रावर होती आणि त्यासाठी राजधानीच्या इस्पितळात नंबर लावावा लागायचा, जाऊन-येऊन सहा तास. ओतिलियाची स्वतःची साखर इतकी चढलेली की तिचं मूत्रपिंड पोरीला देता येत नव्हतं. म्हणजे उद्या नळी बिघडली तर यंत्राशिवाय गती नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात पक्षाने सगळ्या बाया उमेदवारांना एका खोलीत बोलावलं. मी बाहेर ओट्यावर. ती बाहेर आल्यावर विचारलं, "काय होतं गं?"

"रजेचा अर्ज. 'मी बेमुदत रजेवर जात आहे.' तारीख कोरी."

"मग?"

"मग काय, केली सही. कारखान्यात करतो तसलाच कागद."

आणि मी मूर्ख बाई, "बरं" म्हटलं आणि तिला चिंचेचं पाणी दिलं! त्या खोलीत एक मास्तरीण होती, ती म्हणे हुज्जत घालत होती. आम्ही दोघी तिच्यावर हसलो, की शिकलेल्या बायकांना प्रत्येक कागदाचं कोडं पडतं.

दुसरं म्हणजे बदली आमदार. आमच्याकडे प्रत्येक आमदाराबरोबर एक बदलीचा निवडून जातो. मूळचा मेला, आजारी पडला, रजेवर गेला, की बदलीचा खुर्चीत बसतो. अर्मेंताने तीन नावं पुढे ठेवली: एक त्याचा भाचा, एक धुलाईवाल्याचा मुनीम, आणि एक फिदेन्सियो. निवड तुमची, म्हणाला. ओतिलिया आनंदाने रडायचीच बाकी होती.

"कोम्पाद्रे मला दगा देणार नाहीत," ती म्हणाली. "दिला तर देवापुढे पोरीला काय तोंड दाखवतील?"

अर्मेंताने त्या यादीत ते नाव उगाच नव्हतं घातलं, हे आम्हाला कळायला डिसेंबर उजाडावा लागला.

निवडणूक जुलैत झाली. आम्ही वही घेऊन दारोदार फिरलो. पक्षाने टोप्या आणि बादल्या वाटल्या, त्यावर तिच्यापेक्षा गव्हर्नरचा फोटो मोठा; तो पक्षाचाच, आणि आमच्याकडे राज्य तोच चालवतो. फिदेन्सियोने बँड फुकट दिला. ती निवडून आली तेव्हा आमच्या गल्लीत लोक नाचत होते, सित्लाली कोम्पाद्रेच्या खांद्यावर. अकरा वर्षांची होती, पण उचलायला काही वाटत नव्हतं.

सप्टेंबरात शपथ झाली. मला तिने "सल्लागार" म्हणून नेमलं. खिसे लावणारी सल्लागार! तिथला दरवान मला रोज अडवायचा आणि मी रोज त्याला ओळखपत्र नाकासमोर धरून दाखवायचे. ओतिलियाची खुर्ची शेवटच्या रांगेत. पहिल्या भाषणात तिने वही उघडून अकरा नावं आणि अकरा वयं वाचली. कुणी मोबाईल बघत होतं, कुणी काहीतरी चघळत होतं. मागून एकजण म्हणाला, "बाई, ही शाळेची हजेरी आहे का?" हशा पिकला. ती थांबली, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हो साहेब. यातली तीन गैरहजर आहेत, कायमची."

भाषणाने काही होत नाही हे तिला लवकर कळलं. अंदाजपत्रकात यंत्रांचा आकडा घालायचा तर तो कशातून तरी काढावा लागतो. तिने शोधून काढलं की गव्हर्नरच्या जाहिरातींसाठी एवढी मोठी रक्कम ठेवलीय की त्यातली कोपऱ्यातली चिंधी फाडली तरी आठ यंत्रं येतील. दुरुस्ती लिहून दिली, तिला नंबर मिळाला चौदा. मंजूर व्हायला बत्तीसातले सतरा हात वर यायला हवे होते.

मग तिने एकेकाला गाठायला सुरुवात केली. सकाळी न्याहारीच्या हॉटेलात, पार्किंगमध्ये, एकदा तर पुरुषांच्या संडासाबाहेर उभी राहिली, मी तिला ओढत होते. एका म्हाताऱ्या आमदाराच्या कोटाची शिवण उसवली होती, तिने तिथल्या तिथे पिशवीतून सुईदोरा काढून घातली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही लाच देताय मला." ती म्हणाली, "लाच नाही, आगाऊ." त्याने हात कबूल केला. विरोधकांचे नऊ मिळाले, कारण त्यांना गव्हर्नरला चिमटा काढायचा होता. आपल्याच पक्षातले सात तिने गुपचूप फोडले. सोळा झाले. सतरावा तिचा स्वतःचा.

ऑक्टोबरात सित्लालीच्या नळीत जंतू गेले. पोट तापलं, नळी काढून टाकावी लागली. आता यंत्रच. डॉक्टरीण म्हणाली, आठवड्यातून तीनदा हवं. राजधानीत नंबर मिळाला फक्त गुरुवारचा. आमदाराची मुलगी म्हणून पुढे घुसवता आलं असतं, अर्मेंताने तसं सुचवलंही. ओतिलिया म्हणाली, "मग कुणाच्या पोराला मागे ढकलू? नाव सांगा, वहीत बघते." मी तिच्यावर चिडले. खरं सांगते, अजूनही चिडते. ढकलायचं होतं. कुणालाही ढकलायचं होतं.

पोर गुरुवारी जरा बरी असायची, रविवारपर्यंत सुजायची, बुधवारी श्वास लागायचा. ओतिलिया एवढंच म्हणायची, डिसेंबर होऊ दे. यंत्रं मार्चपर्यंत लागतील, तोवर ओढते.

मतदान मंगळवारी होतं. सोमवारी सकाळी सभागृह भरलं, आणि चिटणिसाने कागद वाचायला घेतले. तिसरा कागद: आमदार ओतिलिया तेकुआपेत्ला वैयक्तिक कारणास्तव आजपासून बेमुदत रजेवर जात आहेत. ती उठून उभी राहिली. "मी कुठे जात नाहीये, मी इथे आहे!" अध्यक्ष म्हणाला, "सही आपलीच आहे ना?" सही तिचीच होती. पाच मिनिटांत मंजूर. हात कबूल केलेल्या सोळांपैकीही कुणी तोंड उघडलं नाही, त्या मास्तरणीने, तीही निवडून आली होती, तेवढं टेबल बडवलं. आणि दारातून फिदेन्सियो आला, उसन्या कोटात. हात पुढे करून शपथ घेतली आणि तिच्या खुर्चीत बसला.

मी तर पेटलेच होते. बाहेर आल्या आल्या अर्मेंताच्या नावाने असं काही बोलले की दरवानानेही कान झाकले. पण ओतिलिया शांत. एवढी शांत की मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

"अगं, त्यांना वाटलं मला काढलं की संपलं," ती म्हणाली. "खुर्चीत कोम्पाद्रे आहेत. हात माझा नसेल, त्यांचा असेल. हात तो हातच."

दुपारी आम्ही बेकरीत गेलो. फिदेन्सियो भट्टीपुढे उभा होता, कोट खुंटीला. तिने त्याला एका कागदावर मोठ्या आकड्यात चौदा लिहून दिलं.

"कोम्पाद्रे, बाकी कशाला काय करायचं ते करा. अध्यक्ष 'दुरुस्ती क्रमांक चौदा' म्हणाला, की हात वर. बस."

"समजलं, कोमाद्रे."

"घाबरू नका. सोळाजण आहेत बरोबर."

"पोरीचं जे भलं तेच मी करीन, कोमाद्रे," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता भट्टीकडे बघत म्हणाला. मी बघितलं ते. पण ती कोम्पाद्रेच्या शब्दावर शंका घेणार नव्हती, आणि मी घेतली असती तर मला चार शब्द सुनावले असते. शिंपल्याचा पाव त्याने कागदात बांधून दिला आणि आम्ही घरी आलो.

मंगळवारी आम्ही वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो. ओतिलिया ओठ हलवत आकडे मोजत होती. अकरा, बारा, तेरा झाल्या. मग "दुरुस्ती क्रमांक चौदा, बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर यायला लागले. शिवण घातलेल्या म्हाताऱ्याचा सगळ्यात आधी. मास्तरणीचा. विरोधकांचे. फोडलेले सातही आले, एकही घसरला नाही, सोमवारी तोंड न उघडणारे मंगळवारी हात उचलत होते. ओतिलियाने माझं मनगट धरलं होतं. सोळा. शेवटच्या रांगेत फिदेन्सियो बसला होता. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले होते. हो, मांडीखाली, शाळेत मास्तरने शिक्षा केल्यासारखे.

"कोम्पाद्रे," ओतिलिया म्हणाली. हळूच, घरात म्हणतात तसं. मग उभी राहून ओरडली, "कोम्पाद्रे! चौदा! चौदा!"

त्याने वर बघितलं नाही. अध्यक्षाने घंटा वाजवली. सोळा बाजूने, सोळा विरुद्ध, दुरुस्ती नामंजूर. आम्हाला दोन शिपायांनी बाहेर काढलं.

बोळात तो भेटला. आमची वाटच बघत होता, पळाला नाही. पळाला असता तर बरं झालं असतं. रुमालाने मान पुसत होता.

"कोमाद्रे, ऐका. सभेतून मंजूर झालं असतं तर कमिटी, टेंडर, वर्ष गेलं असतं. वकीलसाहेबांनी समजावलं. गव्हर्नर स्वतःच्या अधिकारात देणार आहेत, थेट, फेब्रुवारीत. फक्त मतदानात त्यांची नाचक्की नको. मी कमी केलेलं नाही, लवकर आणलंय!"

"लिहून दिलं का त्यांनी?" मी विचारलं.

"लिहून?" तो चकित झाला. "माझ्या घरी येऊन सांगितलं, तोमासा. माझ्या टेबलाशी बसले. मोले, आमचं सणाचं मिरच्यांचं कालवण, दोनदा वाढून घेतलं. आईची शपथ घेतली. माणूस तुमच्या ताटात जेवून खोटं बोलतो का?"

कागदावर फसलेली ओतिलिया आणि ताटावर फसलेला हा. आमच्या गावातल्या दहा जणांना विचारलं असतं तर नऊजण त्याच्यासारखेच वागले असते. सभा, दुरुस्ती, हात, हे आमच्यासाठी तमाशा. खरं काम मोठ्या माणसाच्या तोंडून होतं, जेवताना, असंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. पण म्हणून मी त्याला माफ केलं असं नाही. मी त्याच्या बुटावर थुंकले.

ओतिलिया मात्र म्हणाली, "फेब्रुवारी म्हणालात ना, कोम्पाद्रे?"

"फेब्रुवारी."

"ठीक आहे." आणि ती जिना उतरायला लागली. मध्यावर ती पायरीवरच बसली, मी आणि तो दरवान दोघांनी मिळून खाली आणली.

फेब्रुवारीत गव्हर्नर खरंच आला. दवाखान्यात एक खोली रंगवली होती, भिंतीवर पितळी पाटी, आत आठ खुर्च्या, अजून प्लास्टिकमध्ये. बँड वाजला. फिदेन्सियो आमदार म्हणून फीत धरून उभा होता आणि आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी. त्याने सित्लालीला घरून उचलून आणलं, पहिल्या खुर्चीत बसवलं, गव्हर्नरने तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाले. खुर्च्यांशेजारी यंत्रं नव्हती. मी अर्मेंताला धरलं. "बंदरावर अडकलीत हो, तोमासाबाई. कस्टम. पंधरा दिवस."

पंधरा दिवसांनी पंधरा दिवस. एप्रिलात त्या खोलीला कुलूप लागलं. मेमध्ये आत लसीकरणाची खोकी ठेवली. फिदेन्सियो राजधानीला खेटे घालायचा, अर्मेंता मीटिंगमध्ये असायचा. फेब्रुवारीनंतर तो ओतिलियाच्या दारात आला नाही. गोड पाव मात्र रोज सकाळी उंबऱ्यावर कागदात ठेवलेला असायचा. सित्लालीला खायची मनाई झाली होती, मीठ नाही, दूध नाही, पाणीसुद्धा मोजून. पाव मुंग्या खायच्या. ओतिलिया परत कारखान्यात गेली. मुकादमाने कोरा कागद पुढे केला, तिने सही केली.

सित्लाली जूनच्या एका बुधवारी गेली, दुपारी, गुरुवारची वाट बघत. शेवटी श्वासाला इतकी तडफडली की मला ते लिहवत नाही. बारा वर्षांची होती.

आता आमची रीत अशी. लग्न न झालेलं लेकरू गेलं, तर त्याला आईबापाने सजवायचं नाही. धर्म-आईबापाने पांढरे कपडे आणायचे, कागदी फुलांचा मुकुट आणायचा, पेटी आणायची, आणि त्यांनी आशीर्वाद दिल्याशिवाय लेकराला घराबाहेर काढता येत नाही. दुसरं कुणी चालत नाही. काता तर मेलेली. उरला तो एकटा.

गुरुवारी सकाळी तो आला. पांढरी पेटी बँडच्या चौघांनी धरलेली, हातात कपड्यांचा खोका. मी दारात आडवी उभी राहिले, हातात केरसुणी होती तीच घेऊन.

"कुठलं तोंड घेऊन आलास रे? जा, गव्हर्नरला बोलव मुकुट घालायला. हात मांडीखाली घाल आणि परत जा!"

चौघे जमिनीकडे बघत उभे राहिले. गल्लीतल्या बायका बघत होत्या, कुणीही मला थांबवलं नाही.

"तोमासा, बाजूला हो," आतून ओतिलियाचा आवाज आला. "या, कोम्पाद्रे. बसा."

मग मी बाजूला झाले. करणार काय.

खोका उघडला. सुंदर ड्रेस होता, पांढरा, बाह्यांना लेस. आम्ही दोघींनी पोरीच्या अंगात घातला, आणि तो अंगावर उभाच राहीना. बारा वर्षांच्या मुलीच्या मापाचा आणला होता त्याने. पोर आठ वर्षांच्या मुलीएवढी झाली होती, नुसती हाडं. खांद्यावरून घसरत होता, कंबरेला दोन मुठी कापड जास्त. फिदेन्सियो बघत होता. त्याला माहीतच नव्हतं. चार महिने उंबऱ्यावरून परत गेलेला माणूस, त्याला कुठून माहीत असणार. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, माणसाचा वाटला नाही तो मला.

"रडू नका," ओतिलिया म्हणाली. "दोन्ही बाजूंनी चार बोटं आत घेऊ, झालं. अर्ध्या तासाचं काम आहे." तिने पिशवीतून रीळ काढलं. दोरा सुईच्या नाकात जाईना. चेन लावायला कधी चूक न केलेली ती बाई, तीनदा, चारदा प्रयत्न केला. मी हात पुढे केला, तिने माझा हात बाजूला सारला आणि सुई त्याच्यापुढे धरली.

"कोम्पाद्रे, तुम्ही ओवून द्या. मला दिसत नाहीये."

त्याने सुई घेतली. भट्टीने भाजलेल्या त्या जाडजूड बोटांनी तो दोऱ्याचं टोक पिळत होता, आणि आम्ही तिघं त्या पोरीच्या भोवती बसून दोरा जाण्याची वाट बघत राहिलो.